डोळ्यावरची काच : दानातला कॉर्निया आणि छापलेला कॉर्निया



गेल्या महिन्यात आपल्या मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत होता. आता डोळे मशीनवर छापून मिळणार, नेत्रदानाची गरज संपली, असा. त्याखाली दोन प्रश्न आले. एकीने विचारलं, आपण भरलेले नेत्रदानाचे फॉर्म आता रद्द करायचे का? दुसरीने लिहिलं, त्या छापलेल्या डोळ्यात डुकराचं काहीतरी घालतात म्हणे, आपल्याला कसं चालेल?

दोन्ही प्रश्न मला महत्त्वाचे वाटले. यंदाही नेत्रदान पंधरवडा २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर असा पाळला जाईल आणि आपले पर्युषणही त्याच्या आसपासच येतील. त्याआधी हा विषय नीट समजून घ्यावा म्हणून बरंच वाचलं. मी कॉमर्सची पदवीधर, डॉक्टर नाही. त्यामुळे हिशेबाच्या वहीसारखं मांडते : कुठून सुरुवात झाली, कोणी काय जमा केलं आणि आज शिल्लक काय आहे.

शर्टाच्या बटणाएवढी काच

आधी एक घोळ दूर करू. मोतीबिंदू वेगळा आणि हे वेगळं. मोतीबिंदूत डोळ्याच्या आतलं भिंग गढूळ होतं. ते काढून कृत्रिम भिंग बसवतात. आपल्या घरातल्या बहुतेक वडीलधाऱ्यांचं ते ऑपरेशन झालेलं आहे. मी सांगते आहे ती डोळ्याच्या अगदी पुढची, बुबुळावरची पारदर्शक काच. डॉक्टर तिला कॉर्निया म्हणतात, पुस्तकी मराठीत पारपटल. रुंदी साधारण साडेअकरा मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढी. मध्यभागी जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर.

या काचेत एकही रक्तवाहिनी नाही. रक्त असतं तर आरपार दिसलं नसतं. तिला प्राणवायू मिळतो थेट हवेतून, अश्रूंच्या थरातून. पोषण मिळतं बहुतांशी आतल्या पाण्यातून. मधल्या जाड थरात कोलॅजनचे अतिशय बारीक धागे एकावर एक इतक्या शिस्तीत रचलेले असतात की उजेड अडत नाही. सगळ्यांत आत पेशींचा एकच पातळ थर असतो, तो रात्रंदिवस जास्तीचं पाणी बाहेर फेकत राहतो. तो थर दमला की काच सुजते आणि धुकं आल्यासारखी पांढरी होते.

आता लक्षात येईल, मोतीबिंदूचं भिंग कारखान्यात तयार होतं आणि कॉर्निया का होत नाही ते. भिंगाला फक्त उजेड वळवायचा असतो. कॉर्नियाला जिवंत राहावं लागतं. १७८९ साली फ्रान्समधल्या पेलिये द केंग्झी नावाच्या डॉक्टरने चांदीच्या कड्यात काच बसवून ती डोळ्यावर लावायची कल्पना मांडली होती. म्हणजे सव्वादोनशे वर्षांहून जास्त काळ माणूस या बटणाच्या मागे लागला आहे.

आपल्या भागातले गेलेले डोळे

माझं माहेर दौंड, सासर घोडनदी म्हणजे शिरूर. मी लहान असताना दौंड स्टेशनवर गाणी म्हणून पैसे मागणारे अंध हमखास दिसत. बऱ्याच जणांच्या तोंडावर देवीचे व्रण आणि डोळे पांढरे. आजी म्हणायची, देवीत डोळ्यात फूल पडलं. हे फूल म्हणजेच कॉर्नियावरचा व्रण. देवी गेल्या. १९७७ साली भारत देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं आणि तसे चेहरे पुढच्या पिढीने पाहिलेच नाहीत.

दुसरं कारण होतं भूक. दुष्काळात मुलांना अ जीवनसत्त्व मिळत नाही. आधी रातांधळेपणा येतो, मग कॉर्निया कोरडा पडून अक्षरशः विरघळतो. आपल्या दौंड तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळानंतर मुक्ती मिशन उभं केलं. तिथे आलेल्या मुलींमध्ये अंध मुलीही होत्या. रमाबाईंची मुलगी मनोरमाबाई परदेशात ब्रेल लिपी शिकून आली आणि तिने या मुलींना बोटांनी वाचायला शिकवलं. गेलेली नजर परत आणण्याचा उपाय तेव्हा कोणाकडेच नव्हता, म्हणून त्यांनी बोटांना वाचायला लावलं. केडगावच्या स्टेशनवरून आपण कितीदा गेलो असू, पण हे आपल्या मुलांना सांगितलं पाहिजे.

तिसरं होतं खुपऱ्या. आत वळलेले पापणीचे केस घासून घासून काच खरवडली जायची. खुपऱ्यांचा सार्वजनिक प्रश्न भारतातून संपल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये मान्य केलं.

मग आता काय उरलं? शिरूरहून न्हावरे, तिथून चौफुला असं जाऊन पाहा, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस. उसाचं पातं करवतीसारखं असतं. तोडणीच्या वेळी ते डोळ्याला लागतं, माणूस डोळा चोळून पुन्हा कामाला लागतो, जखमेत बुरशी शिरते आणि पंधरा दिवसांत काच पांढरी होते. शेतातल्या अशा इजा आणि त्यातून होणारे व्रण हे ग्रामीण भागातलं मोठं कारण आहे. २०१५ ते २०१९ या काळात देशभर अंधत्वाची पाहणी झाली. तिच्यात पन्नाशीच्या आतल्या अंध लोकांमध्ये ३७.५ टक्के जणांचं कारण कॉर्निया पांढरा होणं हे निघालं, म्हणजे त्या वयात पहिल्या नंबरचं कारण. मोतीबिंदू म्हातारपणी गाठतो. कॉर्नियाचं अंधत्व मात्र कमावत्या माणसाला आणि मुलांना गाठतं.

आणि चौथं कारण आपल्या घरात, दुकानात, पानाच्या डब्यात बसलेलं आहे : चुना. त्याच्यापाशीच पहिली यशस्वी गोष्ट सुरू होते.

चुन्याने भाजलेला मजूर

केडगावला मुली बोटांनी वाचत होत्या, त्याच काळात युरोपात, तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीतल्या ओलोमोउत्स या गावी डॉ. एदुआर्द झिर्म नावाचे नेत्रतज्ज्ञ होते. त्यांच्याकडे आलोईस ग्लोगार नावाचा ४५ वर्षांचा मजूर आला. चुना उडून त्याचे दोन्ही डोळे भाजले होते, दोन्ही काचा पांढऱ्या. त्याच सुमाराला कार्ल ब्राउअर नावाचा ११ वर्षांचा मुलगा आला. त्याच्या डोळ्यात लोखंडाचे कण घुसले होते आणि तो डोळा काढावाच लागणार होता. डोळा गेला होता, पण त्यावरची काच चांगली होती.

७ डिसेंबर १९०५ रोजी झिर्म यांनी त्या मुलाच्या काढलेल्या डोळ्याचा कॉर्निया ग्लोगारच्या दोन्ही डोळ्यांवर बसवला. एक तुकडा फसला. दुसरा स्वच्छ राहिला. ग्लोगार पुन्हा कामावर गेला. माणसाच्या कॉर्नियाचं पहिलं टिकलेलं रोपण ते हेच.

त्याआधीही प्रयत्न झाले होते, तेही सांगते, कारण आपल्या दुसऱ्या प्रश्नाशी त्यांचा संबंध आहे. १८३८ साली न्यूयॉर्कमध्ये रिचर्ड किसम यांनी एका तरुणाच्या डोळ्यावर डुकराचा कॉर्निया बसवून पाहिला. थोडे दिवस दिसलं, मग महिन्याभरात गढूळ झाला. म्हणजे जनावराचं वापरून पाहायचा मार्ग पावणेदोनशे वर्षं जुना आहे. फळ मिळालं ते माणसाचं माणसाला दिल्यावर.

दानाची वही उघडली

पण जिवंत माणसाचा डोळा काढायची वेळ येईल तेव्हाच रोपण, असं किती दिवस चालणार? १९३० च्या दशकात ओडेसाच्या डॉ. व्लादिमीर फिलातोव्ह यांनी दाखवून दिलं की मृत व्यक्तीचा कॉर्निया चांगला चालतो. तिथून सगळं बदललं. १९४४ मध्ये न्यूयॉर्कला नेत्रपेढी निघाली. आपल्याकडे १९४५ साली मद्रासला डॉ. मुथय्या यांनी देशातली पहिली नेत्रपेढी सुरू केली, आणि १९४८ मध्ये रोपण केलं. आपल्या त्या वेळच्या मुंबई राज्याने १९५७ साली कॉर्निया रोपणासाठी स्वतंत्र कायदाच केला. पुढे १९९४ चा केंद्राचा अवयव रोपणाचा कायदा आला आणि तो आधी स्वीकारणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र होता. नेत्रशल्यतज्ज्ञ डॉ. भालचंद्र यांच्या स्मरणार्थ १० जून हा आपल्या राज्यात दृष्टिदान दिन म्हणून पाळला जातो.

या सगळ्यात मला सर्वांत भावली ती श्रीलंकेची गोष्ट. डॉ. हडसन सिल्वा नावाच्या तरुण डॉक्टरने १९५८ मध्ये वर्तमानपत्रात लेख लिहून लोकांना डोळे द्यायचं आवाहन केलं. त्यांची आई गेली तेव्हा त्यांनी तिचेच कॉर्निया एका गरीब शेतकऱ्याला बसवले. १९६१ मध्ये नेत्रदान संस्था उभी राहिली. १९६४ मध्ये परदेशी पाठवलेले पहिले डोळे बर्फ घातलेल्या थर्मासमधून सिंगापूरला गेले. बौद्ध लोकांना दानाची कल्पना घरातूनच मिळालेली होती, तिला फक्त योग्य दिशा मिळाली. छोटासा देश, पण अनेक देशांना डोळे पुरवू लागला. त्यांचे राष्ट्रपती जयवर्धने १९९६ मध्ये गेले तेव्हा त्यांचेही डोळे दान झाले.

मग मनात येतं, दान हा शब्द आपल्याकडे काय कमी आहे? आहारदान, औषधदान, ज्ञानदान, अभयदान आपण लहानपणापासून ऐकतो. तरीही घरात मृत्यू झाला की नेत्रदानाचा विषय काढायला जीभ अडखळते.

दोन शंका

अडखळण्यामागे बहुतेक दोन शंका असतात. पहिली : डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळं जन्माला येऊ. दुसरी : जीव अजून जवळपास असतो, त्याला वेदना होतील.

आपण पाठशाळेत जे शिकलो तेच आठवून पाहा. देह सुटला की जीव दुसऱ्या गतीला जातो, आणि त्या विग्रहगतीला लागतात एक ते चार समय. समय म्हणजे काळाचा सर्वांत लहान भाग. पापणी लवते तेवढ्यात असंख्य समय होतात. तिकडे जीव पोहोचलेला असतो आणि इकडे आपण फोन शोधत असतो. मागे राहतं ते पुद्गल. पुढच्या जन्मी डोळ्यांनी दिसणं न दिसणं हे कर्मावर आहे. आपल्याकडे त्यासाठी चक्षुदर्शनावरणीय असं वेगळं नावच आहे. चितेवर जळलेल्या डोळ्यांनी ते कर्म हलकं होत नाही आणि दुसऱ्याला दिलेल्या डोळ्यांनी ते बांधलं जात नाही. मी पंडित नाही, पण कर्मग्रंथ शिकलेल्या कोणालाही विचारून खात्री करून घ्या.

चुन्यावरच दुसरा उपाय

दान मिळू लागलं तरी एक अडचण राहिली. चुन्याने भाजलेल्या डोळ्यावर नुसता कॉर्निया बसवला तर तो बरेचदा टिकत नाही. कारण काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर, काचेच्या कडेला, मूळपेशींचं एक गोल कुंपण असतं. वरचा थर तिथूनच रोज नवा होत असतो. चुना ते कुंपणच जाळतो. मग नवी काच बसवूनही तिच्यावर पांढऱ्या भागातल्या पेशी आणि रक्तवाहिन्या चढून येतात. शेताचा बांध गेला की तण आत घुसतं तसं.

१९९७ साली इटलीतल्या शास्त्रज्ञांनी क्षाराने भाजलेल्या दोन रुग्णांच्या चांगल्या डोळ्यातून कुंपणाचा कणभर तुकडा घेतला, प्रयोगशाळेत त्याच्या पेशी वाढवल्या आणि त्यांचा पापुद्रा भाजलेल्या डोळ्यावर लावला. त्यातून पुढे तयार झालेल्या उपचाराला २०१५ मध्ये युरोपात मान्यता मिळाली. आपल्या नवी मुंबईतल्या रिलायन्स लाइफ सायन्सेसनेही असाच पेशी वाढवून लावायचा उपचार काढला.

हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत डॉ. वीरेंद्र संगवान २००१ पासून हेच करत होते. पण पेशी वाढवायची प्रयोगशाळा म्हणजे मोठा खर्च. म्हणून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये सोपी पद्धत जाहीर केली. चांगल्या डोळ्यातून दोन मिलिमीटरचा तुकडा काढायचा, त्याचे बारीक कण करायचे आणि प्रसूतीनंतर मिळणाऱ्या गर्भपिशवीच्या पडद्यावर ठेवून ते भाजलेल्या डोळ्यावर चिकटवायचे. पेशी डोळ्यातच वाढतात, लॅब लागत नाही. शेतात रोप लावायच्या ऐवजी बी टाकावं तसं.

इथे थोडं घरचं सांगते. पानतंबाखूसाठी चुन्याच्या ज्या प्लॅस्टिकच्या पुड्या आणि ट्यूब मिळतात, त्या मुलं खेळायला घेतात आणि दाबतात. चुना थेट डोळ्यात उडतो. आपल्या देशात मुलांच्या डोळ्यांच्या अशा भाजण्यात या पुडीचा मोठा वाटा आहे. कामावर येणाऱ्या बाईंना, दुकानातल्या माणसांना आवर्जून सांगा. चुना डोळ्यात गेला तर तूप, दूध, मध काही घालू नका. नळाखाली डोळा उघडा धरून किमान अर्धा तास स्वच्छ पाण्याने धुवा, पापणीच्या आतले कण निघू द्या, आणि लगेच डोळ्यांच्या दवाखान्यात न्या. पहिली पाच मिनिटं डॉक्टरांपेक्षा आपल्या हातात असतात.

आता छापण्याकडे

जगात साधारण १ कोटी २७ लाख लोक कॉर्नियासाठी थांबलेले आहेत आणि ७० जणांमागे एक कॉर्निया उपलब्ध होतो, असा हिशेब २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. मागणी आणि पुरवठ्यात एवढी तफावत असेल तर कोणीतरी माल तयार करायच्या मागे लागणारच.

२०१८ मध्ये इंग्लंडच्या न्यूकॅसल विद्यापीठात पहिल्यांदा माणसाच्या पेशी घालून कॉर्नियाच्या आकाराची चकती छापली गेली. छापणं म्हणजे कागदावरची छपाई नव्हे. आपण सोऱ्यातून शेव पाडतो तसं बारीक नळीतून जिवंत पेशी घातलेलं जेल गोल गोल सोडत जातात आणि वाटीसारखा आकार तयार होतो. दहा मिनिटांत झालं. शेव पाडताना पीठ सैल असेल तर ती मोडते आणि घट्ट असेल तर बाहेर येत नाही. तिथेही कसोटी हीच होती : जेल नळीतून सुटावं, आकार धरावा आणि पेशी मरू नयेत. त्यांनी समुद्री शेवाळापासून मिळणारं आल्जिनेट आणि कोलॅजन यांचं मिश्रण वापरलं. ती प्रयोगशाळेतली चकती होती, कोणाच्या डोळ्यात बसवली नाही.

मग आला ऑगस्ट २०२२. एकाच महिन्यात दोन बातम्या आल्या आणि ग्रुपवरचा गोंधळ बहुधा त्या दोन्ही एकत्र झाल्यामुळे आहे.

पहिली बातमी स्वीडनची. लिंकोपिंगच्या शास्त्रज्ञांनी डुकराच्या कातडीतलं कोलॅजन शुद्ध करून कॉर्नियाचा तुकडा बनवला. हा छापलेला नाही आणि त्यात पेशीही नाहीत. भारत आणि इराणमधल्या २० रुग्णांना तो बसवला, आपल्याकडे दिल्लीच्या एम्समध्ये. त्यातले १४ जण आधी अंध होते. दोन वर्षांनी त्यांच्यापैकी कोणीही अंध राहिलं नव्हतं.

दुसरी बातमी हैदराबादची. एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था, आयआयटी हैदराबाद आणि सीसीएमबी यांनी मिळून कॉर्निया छापला. डॉ. सायन बसू आणि डॉ. विवेक सिंग यांच्या गटाचं हे काम. यात त्यांनी कोणताही प्राणिज पदार्थ घातला नाही. त्यांचा कच्चा माल म्हणजे दानात आलेले मानवी कॉर्निया. त्यातल्या जुन्या पेशी धुऊन काढल्या, उरलेल्या जाळीचं जेल केलं, त्यात माणसाच्याच डोळ्यातल्या मूळपेशी घातल्या आणि छापलं. एका दान केलेल्या कॉर्नियातून तीन होऊ शकतात असं त्यांनी सांगितलं. तो कॉर्निया त्यांनी आधी सशाच्या डोळ्यावर बसवून पाहिला.

त्यानंतर २०२५ च्या ऑक्टोबरअखेर इस्राएलमध्ये हैफाच्या रामबाम रुग्णालयात पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यात छापलेला कॉर्निया बसवला गेला. प्रिसाइज बायो कंपनीचा. त्यातल्या पेशीसुद्धा दान आलेल्या मानवी कॉर्नियापासूनच वाढवलेल्या, फक्त इथे एका कॉर्नियातून शेकडो तयार करायचा बेत आहे. पण हे सगळं अजून चाचणीच्या पायरीवर आहे. शिरूरच्या रुग्णाला उद्या दवाखान्यात जाऊन छापलेला कॉर्निया मागता येणार नाही.

डुकराचं चालेल का?

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. जेलीच्या पाकिटावर हिरवा ठिपका शोधणाऱ्या, कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं आहे का हे केमिस्टला विचारणाऱ्या आपण बायका. डोळ्यात काय बसवतात हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

मी स्वतःपुरतं असं ठरवलं आहे. ज्याची नजर गेली आहे त्याने काय घ्यावं हे मी ठरवणार नाही. उसाच्या फडात डोळा गेलेल्या तिशीतल्या बापाला स्वीडनच्या तुकड्याने दिसणार असेल तर त्याने तो घ्यावा, आणि त्याच्याकडे बोट दाखवायचा अधिकार मला नाही. पण मी ज्या बाजूला आहे, म्हणजे देणाऱ्याच्या, तिथे माझं काम मला स्पष्ट दिसतं. या काचेचा कच्चा माल मुख्यतः दोन ठिकाणांहून येतोय : जनावराकडून, नाहीतर माणसाच्या दानातून. न्यूकॅसलचं शेवाळही आपल्या हिशेबात अनंतकायातच जाईल. यातला कोणालाही न मारता मिळणारा माल एकच आहे, जो एरवी आपण तासाभरात अग्नीच्या स्वाधीन करतो. मानवी कॉर्निया जितके जास्त मिळतील तितकी डुकराच्या कातडीची गरज कमी. अहिंसेचा विचार करणाऱ्या समाजाने खरं तर या वहीत सर्वांत जास्त जमा करायला हवी.

म्हणून मेसेजमधलं पहिलं वाक्य माझ्या मते उलटं आहे. छपाईमुळे दानाची गरज संपत नाही. एका डोळ्याचे तीन, पुढे कदाचित शेकडो होतील. पण शून्याला कितीनेही गुणलं तरी शून्यच येतं, हे बी.कॉम. नसलेल्या बाईलाही कळतं.

सासूबाईंचे डोळे

आमच्या सासूबाई ८६ व्या वर्षी गेल्या. त्यांची इच्छा होती म्हणून आम्ही नेत्रदान केलं. नेत्रपेढीची माणसं आली, अर्ध्या तासात काम झालं, चेहरा होता तसाच शांत. महिन्याने पत्र आलं : कॉर्निया रोपणायोग्य नव्हते, संशोधन व प्रशिक्षणासाठी वापरले. घरात वाईट वाटलं. एक मोठे नातेवाईक म्हणाले, मग फुकटच गेलं म्हणायचं. जाऊबाई बरेच दिवस गप्प होत्या. ज्यांनी आयुष्यात अन्नाचा कण वाया जाऊ दिला नाही, त्यांचं शेवटचं दान वाया गेलं, हे त्यांना सहन होत नव्हतं.

वयाबरोबर आतल्या थरातल्या पेशी कमी होतात, पुन्हा तयार होत नाहीत. त्यामुळे वयस्कर लोकांचे बरेच कॉर्निया रोपणाला चालत नाहीत. नेत्रपेढ्यांमध्ये हे नेहमीचं आहे. पण हैदराबादच्या कॉर्नियाबद्दल वाचताना मी एका ठिकाणी थांबले आणि जाऊबाईंना हाक मारली. ज्या मानवी कॉर्नियांपासून ते जेल बनतं, ते रोपणाला न चालणारे असले तरी चालतात. त्यातल्या जुन्या पेशी धुऊनच टाकायच्या असतात, लागते ती धाग्यांची जाळी. संशोधनासाठी वापरले या दोन शब्दांमागे अशी कामं असतात. त्यांचे डोळे नेमके कुठे वापरले गेले ते आम्हाला माहीत नाही, आणि गुप्तदानात ते विचारायचंही नसतं. पण ते फुकट गेले नाहीत. कोणा शिकाऊ डॉक्टरचा हात त्यांच्यावर बसला असेल, तर पुढची सगळी रोपणं त्या हाताने केली. जाऊबाईंनी त्या दिवशी स्वतःचा फॉर्म भरला. त्या ७१ वर्षांच्या आहेत, मधुमेह आहे, मोतीबिंदूही झालेला आहे. तरी चालतो.

काय करायचं

फॉर्म रद्द करू नका. फॉर्मपेक्षाही घरातल्यांना सांगून ठेवणं महत्त्वाचं, कारण शेवटी संमती त्यांनाच द्यायची असते. आपल्या जवळच्या नेत्रपेढीचा फोन नंबर फ्रिजवर, देव्हाऱ्याजवळ, मुलांच्या मोबाइलमध्ये असू द्या. आपल्याकडून पुण्याहून माणसं यायची म्हणजे दोन तास धरा आणि मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. म्हणून रडणं आवरेपर्यंत थांबू नका, एकीने उठून फोन करायचा. तोपर्यंत पंखा बंद करा, पापण्या मिटून त्यावर ओल्या कापसाची घडी ठेवा, डोक्याखाली उशी द्या, डॉक्टरांकडून मृत्यूचा दाखला घेऊन ठेवा. चष्मा, मोतीबिंदूचं ऑपरेशन, रक्तदाब, मधुमेह यांनी अडत नाही. एड्स, काही प्रकारची कावीळ, रेबीज, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग असेल तर डोळे घेत नाहीत, ते पेढीवाले ठरवतील.

आणि शेतावर ज्यांची माणसं कामाला असतील त्यांनी यंदा ऊसतोडीच्या आधी साधे प्लॅस्टिकचे गॉगल आणून द्या. डोळ्याला पातं लागलं तर मेडिकलमधून आपल्या मनाने थेंब आणू नका, विशेषतः स्टेरॉइडचे, त्याने बुरशी फोफावते. डॉक्टरांकडे पाठवा, गाडीभाडं आपण द्या.

आपल्याकडे जीवांची गणती इंद्रियांवरून करतात. स्पर्श, रस, गंध आणि मग चौथ्या पायरीवर डोळा. किती जन्म घालवून ही नजर मिळाली असेल. जाताना ती चालू स्थितीत दुसऱ्याच्या हवाली करता येते, एवढी सोय आपल्या आजी-पणजीला नव्हती. ती आपल्याला आहे. या पर्युषणात मंडळाच्या बैठकीत पंधरा मिनिटं या विषयाला ठेवा, शंका असतील त्या मोकळेपणाने विचारा, आणि घरी गेल्यावर आपल्या सुनेला, मुलीला आपली इच्छा स्पष्ट शब्दांत सांगा.

जय जिनेंद्र.